रविवारी उशिरा पेटणारा बंब

नात दुपारी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, तुझ्या माहेरच्या आडनावाची एक बाई होती, फिजिक्सवाली. तुमच्यातलीच कुणी असेल का गं?"

मी अंबाडी निवडत होते. मान वर न करता विचारलं, "काय केलं तिनं?"

"एक पेपर लिहिलाय. फक्त एक. इथल्याच हवेवर, हैदराबादच्या. खूप जुना आहे. माझ्या पीएच.डी.चा चौथा चॅप्टर पूर्ण त्याच्यावर उभा आहे. पण बाईचा पुढं पत्ताच नाही. एक पेपर, आणि मग गायब. मेली असेल बिचारी."

"मेली नाही," मी म्हटलं. "लग्न झालं तिचं."

"हौ? तू ओळखतेस?"

"ओळखते म्हणजे! फार आगाऊ होती."

"आजी, प्लीज. मजाक नको. किधर असते ती आता? फोन नंबर आहे?"

"चिक्कडपल्लीत असते. अंबाडी निवडतीय."

तिला समजायला जरा वेळ लागला. तिचा दोष नाही. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं आणि पेढा तोंडात टाकायचा. आडनाव तर जायचंच, पाळण्यातलं नावही त्या तांदळात जायचं. माहेरी मला घरगुती हाकेनंच बोलवायचे, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरचं माझं खरं नाव माझ्या पोटच्या मुलालासुद्धा नीट ठाऊक नव्हतं. नातीला आजी ठाऊक होती ती तांदळातली. पेपरावर होती ती पाळण्यातली.

मग तिनं मला संगणकात दोन बायका दाखवल्या. आमच्यासारख्यांची अशी खाती असतात म्हणे. कुणी किती लिहिलं आणि दुसऱ्यांनी आपल्या लिखाणात त्याचा किती वेळा उल्लेख केला, हे तिथं आपोआप मोजलं जातं. त्या उल्लेखांना ती सायटेशन म्हणते. पहिली बाई: पेपर एक, सायटेशन तीन आकडी. दुसरी बाई म्हणजे मी, मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलेली: पेपर चार, सायटेशन तीन.

"त्या तिनातली दोन तुझीच आहेत आजी. तूच तुझा उल्लेख केलायस."

"मग? दुसरं कोण करणार होतं?"

"आणि हिचा एच इंडेक्स एक."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"म्हणजे एकाच पेपरवर चाललंय हिचं."

एवढं बोलून तिनं मला मिठी मारली, अंबाडीच्या काड्या सांडल्या, तिनं बापाला ऑफिसात फोन लावला, "बाबा, तुम्हाला माहितीये का आजी कोण आहे?" मुलाला वाटलं मी पडले-बिडले. तो घाबरून विचारत होता, ही हसत होती. मी काड्या गोळा करत बसले. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

कारण त्या पेपरात काय आहे हे मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

आता त्या वेळच्या बाईसाहेबांविषयी सांगते. वय तेवीस. दोन वेण्या सोडून नुकताच एक शेपटा घालायला लागलेली. एम.एस्सी.ला पहिली आल्यापासून पाय जमिनीला लागत नव्हते. आईनं भाकरीला बोलावलं की "मला वातावरण मोजायचंय" म्हणून सांगायची. वातावरण! जसं काही हिनं मोजल्याशिवाय ते वर टिकणारच नव्हतं.

विद्यापीठातले आमचे सर तेलुगू होते. फार सज्जन माणूस. प्रत्येक वाक्य "चूडम्मा" असं सुरू करायचे, म्हणजे "बघ बाई". हिवाळ्यात शहरावर सकाळी जे धुरकट सावट येतं, ते किती दाट असतं आणि किती वाजता सगळ्यात दाट होतं, हे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत रोज मोजायचं, असं त्यांनी मला काम दिलं. त्यासाठी हातात मावेल असं एक यंत्र होतं, फोटोमीटर. लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेलं. ते सूर्याकडे धरायचं आणि काटा कुठं थांबतो ते लिहायचं. हवा स्वच्छ तर काटा पुढं, धूळ-धूर असला तर मागं. सात वाजल्यापासून दर पाव तासाला.

बाबा म्हणाले, "सकाळी सातला विद्यापीठात पोहोचायचं म्हणजे सहाला निघायचं. थंडीत, अंधारात, एकटी मुलगी? नक्को." बाबांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही चालवली, पण नाही म्हणायचं झालं की ते दखनीतच म्हणायचे, म्हणजे पुढे बोलायची सोय राहत नसे. मग सर स्वतः नल्लकुंट्याला आमच्या घरी आले. दुपारी आले, ही गोष्ट लक्षात ठेवा. आईनं चिवडा दिला, चहा दिला. सर गच्ची बघून आले आणि तोडगा निघाला: सकाळची मोजणी घरच्या गच्चीवरून, दहानंतरची विद्यापीठाच्या गच्चीवरून. दुसऱ्या दिवशी ती लाकडी पेटी रिक्षात माझ्या मांडीवर बसून आमच्या घरी आली.

बाईसाहेबांनी गच्चीचा ताबा घेतला. आईनं मिरच्या वाळत घालायच्या नाहीत, तिखटाची धूळ उडते. आजीनं गोधडी झटकायची नाही. एकदा काकूनं पापडाचं धुणं, म्हणजे पापड घातलेलं जुनं धोतर, टाकीशेजारी पसरलं, तर हिनं दिवसभर अबोला धरला आणि त्या दिवसाच्या मोजणीवर लाल रेघ मारली. शास्त्र म्हणजे शास्त्र!

आणि गच्चीच्या बरोबर खाली, परसात, पूर्वेच्या अंगाला, आमचा बंब होता.

नव्या मुलांसाठी सांगते. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, पोटात विस्तव, भोवती पाणी, एका बाजूला तोटी आणि मधून वर धुराचं नळकांडं. घरात आम्ही चौदा माणसं. अंघोळीची गर्दी सात ते आठ, कारण साडेआठला पुरुष कचेरीत आणि पोरं शाळेत निघायची. ओली लाकडं, नारळाच्या शेंड्या, गोवऱ्या, मिळेल ते त्यात जायचं. साडेसातच्या सुमारास धूर असा निघायचा की शेजारच्या तेलुगू मामी त्यांची खिडकी लावून घ्यायच्या. सर आले त्या दुपारी मात्र तो गार होता.

रविवारी मात्र कुणाला घाई नसे. रविवार काकांचा. काका आठ वाजता तेल लावून परसात पाटावर बसायचे, साडेआठपर्यंत अंग चोळायचे, आणि मग त्यांची अंघोळ सुरू व्हायची. तोवर बंबात विस्तव नुसता धुमसत असायचा. काकांनी आत पाऊल टाकलं की आई पुन्हा लाकडं घालायची.

संक्रांतीनंतर बाईसाहेबांनी आकडे मांडले. रोज सकाळी साडेसातला हवा सगळ्यात धुरकट. रविवारी सव्वातास उशिरा, पावणेनऊला. दर रविवारी! एकही अपवाद नाही! सर आलेखाकडे बघतच राहिले. "चूडम्मा," ते म्हणाले, "रविवारी हे शहर उशिरा उठतं." मग त्या दीडशहाणीनं त्याची कारणमीमांसा लिहिली. रविवारी गिरण्या बंद. रेल्वेची इंजिनं कमी. बसगाड्या उशिरा सुटतात. अडीच पानं लिहिली. धूर तिच्या वेणीला लागत होता, रोज डोकं शिकेकाईनं धुवावं लागत होतं, पण ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

एक गोष्ट तर विनोद म्हणूनही कुणी मानणार नाही. दिवाळीच्या चार दिवसांत सावट दिसलंच नाही. सकाळी हवा लख्ख. कारण दिवाळीत सगळ्या घराच्या अंघोळी सूर्य उगवायच्या आत उरकलेल्या. खरं उत्तर देव हातात ठेवत होता. बाईसाहेबांनी काय लिहिलं? "फटाक्यांमुळे दिवाळीतील निरीक्षणे विश्वसनीय नाहीत, सबब वगळली आहेत."

आता माझ्या लबाडीविषयी. निरीक्षणं कुठून घेतली ते पेपरात लिहावं लागतं. सरांनी मला आठवण करून दिली होती, "सकाळची तुझ्या घरून घेतली, ते लिहून टाक एका ओळीत." मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. विद्यापीठाच्या आवारातली गच्ची, एवढंच लिहिलं. जिथं मिरच्या वाळतात अशा घराच्या गच्चीवरून शास्त्र केलं, हे छापायची मला लाज वाटली. ती एक ओळ लिहिली असती तर कुणीतरी शहाण्यानं कधीतरी विचारलं असतं, बाई, तुमच्या गच्चीखाली काय होतं?

पेपर छापायला गेला आणि माझं लग्न ठरलं. वैशाखात तांदळात नाव पडलं. पहिल्या दिवाळीला जावई म्हणून आमचे हे नल्लकुंट्याला आले. पहाटे अभ्यंग झालं, फराळ झाला. सकाळी मी यांना मोठ्या ऐटीत गच्चीवर घेऊन गेले, मी इथं उभी राहून सूर्य मोजायचे म्हणून. हवा स्वच्छ होती, सूर्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात खाली औरंगाबादचे मामा अवचित आले, रात्रभराच्या गाडीनं, अंघोळीशिवाय. आईनं बंब पुन्हा पेटवला. बघता बघता नळकांड्यातून धुराचा लोट सरळ वर आला आणि माझ्या आणि सूर्याच्या मध्ये थांबला. सूर्य तांबडा झाला, मग फिका, मग त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं.

मी कठड्यावरून वाकून त्या नळकांड्याकडे बघितलं.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही. डोळ्यात धूर गेला."

तो संसारातला पहिला खोटेपणा. तोही पूर्ण खोटा नव्हता.

त्याच आठवड्यात सरांना सांगायला विद्यापीठात गेले. घोकून गेले होते. सरांनी मला बघितलं आणि कपाटातून छापून आलेल्या प्रती काढल्या, निळ्या कव्हरच्या. माझं नाव आधी, त्यांचं नंतर. तसा रिवाज नव्हता. गुरूचं नाव आधी लागायचं. "मोजणी तिनं केली," असं त्यांनी संपादकांना कळवलं होतं. त्यांनी शिपायाला पाठवून मैसूरपाक मागवला. मी मैसूरपाक खाल्ला आणि घरी आले. मनाशी म्हटलं, कोण वाचणार आहे? आणि चाळीस वर्षं खरंच कुणी वाचला नाही. सर गेले. आमचे हे गेले. माहेरचं घर पाडून तिथं अपार्टमेंट झालं. कुणी वाचला नाही म्हणून मी देवाचे आभारच मानत होते.

मग कुणीतरी जुने अंक संगणकात घातले. परदेशातल्या एका विद्वानाला तो सापडला: आठवड्याच्या वारानुसार हवा बदलते, याचा आपल्याकडचा जुन्यातला जुना पुरावा. त्याचं वाचून दुसऱ्यानं लिहिलं, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्यानं. मूळ पेपर कुणी उघडला असेल असं मला वाटत नाही. नातीनं मला त्यातले काही वाचायला दिले. प्रत्येकानं माझ्या रविवारची आपापली कारणं शोधली होती. कुणी ट्रक म्हणतो, कुणी वीटभट्ट्या. एका गृहस्थांनी तर रविवारी थंड हवेचा थर उशिरा हलतो असं गणितानं दाखवलं होतं. थंड हवेला काय माहीत बाबा, आज रविवार आहे!

मी चार दिवस गप्प राहिले. या वयात चार दिवस गप्प राहिलं की घरच्यांना तब्येतीची शंका येते. सून रक्तदाब मोजून गेली. पाचव्या दिवशी नात चौथा चॅप्टर वाचून दाखवायला बसली. त्यात तिनं माझ्या जुन्या आकड्यांशेजारी आजचे आकडे ठेवले होते. रविवारचा उशीर आता नाहीसा झाला आहे, म्हणून शहराचं जगणं बदललं आहे, असं तिचं म्हणणं. फार सुरेख लिहिलं होतं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"थांब," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. बंब, काका, दिवाळी, मैसूरपाक.

ती आधी हसली. पोट धरून हसली. "आजी, तू किती हौली होतीस गं, अगदी वेडी! बंब? सगळे जगभर बंबाला साईट करतायत?" मग तिनं वही काढली, शास्त्रज्ञासारखं विचारायला लागली.

"काका नक्की किती वाजता आत जायचे?"

"साडेआठ. उशिरात उशिरा पावणेनऊ."

"आणि किती वेळ?"

"त्यांना तीन बादल्या लागायच्या, आणि दोन स्तोत्रं."

"नळकांडं आणि तू, मध्ये अंतर किती?"

"हात लांब केला असता तर काजळी लागली असती."

तिनं लिहिलं. मग पेन थांबलं. 

"आजी," ती म्हणाली, "महिन्यात सबमिशन आहे माझं."

 पुढचं मला ठाऊक होतं. तिला बाहेरदेशी पुढच्या संशोधनाला बोलावलं होतं, आणि थीसिस वेळेत दिला तरच तिथं जागा होती. चौथा चॅप्टर काढला तर उरलेल्यावर डिग्री उभी राहत नव्हती.

"तुझी मोजणीची वही कुठं आहे? वही असली तर आपण दाखवू शकतो. दुरुस्ती छापून आणू. त्यात तूच बरोबर ठरशील, मी पण."

"वही माहेरी राहिली होती."

"मग?"

"लग्नानंतर आईनं तिची पानं बंब पेटवायला वापरली. रोज एक."

 हे मी रचून सांगत नाही. कोरडा कागद घरात दुसरा कुठला होता? आईनं मला नंतर सांगितलं, तुझी वही फार कामाला आली.

तरी आम्ही प्रयत्न केला. ते जुनं नियतकालिक आता एका परदेशी प्रकाशकाच्या पोटात गेलेलं. त्यांचा फॉर्म नातीनं भरला. तो फॉर्म मला विचारत होता: तुमचा संस्थेचा ईमेल. संस्था कुठली, चिक्कडपल्ली? सहलेखकाची लेखी संमती. सर वर गेले, तिथला ईमेल कुणाकडे असेल तर द्या. आणि तुम्हीच ती लेखिका आहात याचा पुरावा. तांदळाचा काय पुरावा असतो? त्याच संध्याकाळी त्याची खीर झाली होती.

ट्रंक उपसली. पैठणीच्या घडीत, डिग्रीच्या सर्टिफिकेटाबरोबर, एक जुनं प्रतिज्ञापत्र निघालं. कॉलेजात नोकरीला लागताना सुलतान बाजारातल्या एका वकिलाकडून करून घेतलेलं: अमुक नावाची मी लग्नानंतर तमुक नावाने ओळखली जाते, दोन्ही व्यक्ती एकच. शिक्का पुसट झाला होता, सही माझीच होती, गोल गोल, अभ्यासू मुलींची असते तशी. नातीनं फोटो काढून पाठवला. मला उगाच वाटलं, आता होईल.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नात मोठ्यानं वाचत होती आणि मराठीत सांगत होती. त्यांनी मला लेखिका म्हणून मान्य केलं होतं. अभिनंदनही केलं होतं. परंतु मूळ नोंदी नाहीत, आणि लेखिकेच्या आठवणीवरून छापील निष्कर्ष मागे घेता येत नाही. शिवाय नंतरच्या अनेक अभ्यासांनी हा निष्कर्ष पुष्ट केलेला आहे.

"कुणी पुष्ट केला?" मी विचारलं.

"तुला साईट करणाऱ्यांनी."

शेवटी एक सूचना होती. लेखिकेला शंका असल्यास तिने त्याच जागी, त्याच परिस्थितीत नव्याने निरीक्षणे घेऊन सादर करावीत.

मी हसायला लागले ते थांबेना. त्याच परिस्थितीत! म्हणजे अपार्टमेंट पाडा, घर बांधा, चौदा माणसं आणा, त्यातली दहा स्वर्गातून बोलवा, काकांना तेल लावून पाटावर बसवा. नात हसली नाही. तिनं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या गाईड मॅडमकडे गेली. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, छापलेलं ते छापलेलं. आजीचं सांगणं संदर्भ होत नाही. आणि त्या काळी घरोघरी बंब होते ना, मग बंबाचा धूर हा शहराच्याच हवेचा भाग. घरी येऊन नातीनं मला तेच ऐकवलं, मान खाली घालून.

"घरोघरी होते," मी म्हटलं, "पण घरोघरी काका नव्हते. शेजारच्या मामींकडे सगळे पहाटे पाचला थंड पाण्यानं अंघोळ करायचे."

"हे मी थीसिसमध्ये कसं लिहू, आजी?"

तिनं खरंच प्रयत्न केला. चौथ्या चॅप्टरच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप घातली. सकाळची निरीक्षणं विद्यापीठातून नव्हे तर निवासी घराच्या गच्चीवरून घेतलेली असावीत. त्याखाली बंबाचा धूर होता. आधार म्हणून कंसात माझं नाव आणि "व्यक्तिगत संवाद". शास्त्रात तोंडी माहितीला तसं म्हणतात. माझं म्हणजे तांदळातलं नाव. वर मजकुरात पाळण्यातली बाई, खाली टिपेत तांदळातली, आणि दुसरी पहिलीला खोटं पाडतेय. वाचणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी म्हातारी जळतेय तिच्यावर. खोटं कशाला सांगू, थोडी जळतेच आहे.

मॅडमनी टीप काढायला लावली. बाहेरचा परीक्षक त्यावर अडून बसेल म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नात माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, तू म्हण. तू म्हटलंस तर चॅप्टर काढते."

हे तिनं मला विचारायला नको होतं. तेविसाव्या वर्षी माझ्या हातात एक ओळ होती, तेवढीच लिहायची होती, ती मी लिहिली नाही. आता हिला म्हणू, तू तुझं वर्ष दे, जागा सोड, आजीच्या बंबासाठी? आणि ठेव म्हणू, तर काय म्हणून? मी तिच्या केसांना तेल लावत बसले. ती उत्तराची वाट बघत होती. तेल जिरलं, केस विंचरून झाले, वेणी घालून झाली. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "ठीक आहे. लाइट घे, आजी. मनाला नको लावून घेऊ."

थीसिस वेळेत गेला.

तो विद्यापीठाच्या संगणकावर चढला, आणि काही दिवसांनी, एका सकाळी, नात मोबाईल घेऊन माझ्या पलंगावर बसली. पाळण्यातल्या बाईचं पान उघडलं होतं. सायटेशन कालच्यापेक्षा एकानं वाढलं होतं.

"हे तुझं?"

"हं."

"निदान तू तरी पूर्ण वाचून केलंस."

तिनं हसायचा प्रयत्न केला. बॅग अर्धी भरलेली कोपऱ्यात होती. खालून भाजीवाल्याची आरोळी आली, सुनेनं खिडकीतून कोथिंबिरीचं विचारलं. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. मला तो खोडता येत नव्हता, तिला कमी करता येत नव्हता, आणि तो उद्या-परवा पुन्हा वाढणार होता, कुठल्या तरी मुलखात, कुणीतरी न वाचताच.

"जा, अंघोळ करून घे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"गीझर लावलाय का?"

"लावलाय केव्हाचा."

ती टॉवेल घेऊन गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली. पावणेनऊ. रविवार होता.